मेझे म्हणजे काय? शब्दाचा अर्थ, त्याचा वापर आणि घरी मेझे मांडण्याची रीत

दुबईत, लंडनमध्ये आणि अलीकडे पुण्या-मुंबईतील उपाहारगृहांतही पदार्थांच्या यादीवर ‘मेझे’ हा शब्द दिसतो आणि त्याखाली हमस (चण्यांचे मऊ वाटण), बाबा गनूश (भाजलेल्या वांग्याचे भरतासारखे), फलाफेल (वाटलेल्या कडधान्याचे तळलेले वडे) अशी नावे ओळीने छापलेली असतात. त्यामुळे वाचणाऱ्याची साहजिकच अशी समजूत होते की, मेझे हे या पदार्थांचे सामुदायिक नाव असावे, किंवा मुख्य जेवणाआधी मागवायच्या ‘स्टार्टर’ला तिकडे मेझे म्हणत असावेत. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत आणि त्या धरून चालल्यास मागवताना, मांडताना व खाताना चुका होतात. मेझे ही खाण्याची एक पद्धत आहे. अनेक लहान बशा टेबलाच्या मध्यभागी येतात, त्यांपैकी कोणतीही बशी कोणा एकाची नसते, त्या टप्प्याटप्प्याने येतात आणि बोलत-थांबत दोन-तीन तास पुरवून खाल्ल्या जातात. लेबनॉन, सीरिया किंवा पॅलेस्टाइनमध्ये हेच हमस सकाळी न्याहारीला एका वाडग्यात घेऊन भाकरीबरोबर खाल्ले, तर तेथे त्याला कोणी मेझे म्हणत नाही. पदार्थ तोच असतो. मेझे तो ठरतो बैठकीमुळे.

पहिली पायरी : शब्द कोठून आला हे समजून घ्यावे

फारसीत ‘मझे’ म्हणजे चव आणि ‘मझीदन’ म्हणजे चाखणे. आजही इराणमध्ये रुचकर पदार्थाला ‘खुशमझे’ म्हणतात. हा शब्द फारसीतून तुर्कीत गेला आणि उस्मानी साम्राज्य पसरत गेले तसा तो ग्रीक, अरबी, सर्बियन, बोस्नियन, बल्गेरियन अशा अनेक भाषांत जाऊन बसला. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही, कारण आपला ‘मजा’ हा शब्दही त्याच फारसी शब्दापासून आला आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ करमणूक, आनंद यांच्याकडे सरकला. तरी ‘आमरस नसेल तर पुरीला मजा नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील चवीचा मूळ अर्थ अजून जागा असतो. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर मात्र तो अर्थ पेयाबरोबर थोडेथोडे चाखायच्या वस्तूंकडे वळला आणि पुढे त्या संपूर्ण बैठकीचे नाव झाला.

याला समांतर असा एक शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातही आहे. दारूबरोबर घ्यायच्या शेंगदाणे, फुटाणे, काकडी अशा गोष्टींना आपल्याकडे ‘चखणा’ म्हणतात आणि तो हिंदीतील ‘चखना’ म्हणजे चाखणे या क्रियापदावरून आला आहे. चाखण्यावरून पेयासोबतच्या खाण्याला नाव पडावे, हा विचार दोन्हीकडे एकच आहे. फरक असा की, चखणा पेयाचा सोबती राहिला, तर मेझेला स्वतःची पाककला, स्वतःचा क्रम आणि स्वतःची उपाहारगृहे मिळाली.

मराठीत टेबलाला ‘मेज’ म्हणतात, त्यामुळे मेझे म्हणजे ‘मेजावर मांडलेले’ असा अर्थ काही जण लावतात. तो बरोबर नाही. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही.

दुसरी पायरी : उच्चार, लेखन आणि मराठी वाक्यातील वापर

तुर्कीत हा शब्द ‘मेझे’ असा आहे. अरबीत तो ‘मझ्झा’ किंवा ‘मेझ्झे’ असा ऐकू येतो, आणि रोमन लिपीत कधी एक झेड तर कधी दोन झेड दिसतात ते या भाषाभेदामुळे. ग्रीकमध्ये एका पदार्थाला ‘मेझेस’ व अनेकांना ‘मेझेदेस’ म्हणतात. मराठीत लिहिताना ‘मेझे’ हे रूप सर्वांत सोयीचे आहे. ‘मजा’मधील ज आपण जसा हलका म्हणतो, तसाच यातील झ हलका म्हणावा.

व्याकरणाच्या दृष्टीने तो नपुंसकलिंगी मानून ‘मेझे मांडले’, ‘मेझेत लबने होते’, ‘मेझेच्या बशा’ अशी वाक्ये करावीत. ती कानाला खटकत नाहीत. ‘आम्ही मेझे खाल्ले’ या वाक्यातून संपूर्ण बैठकीचा बोध होतो आणि ‘हमस हे मेझेतील एक पदार्थ म्हणून येते’ असे म्हटल्यास एका घटकाचा. ‘मेझे थाळी’ हा शब्दप्रयोग मात्र मला टाळावासा वाटतो. थाळी किंवा ताट ही आपल्याकडे एका माणसाची मालकीची जागा असते. चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी हे सारे त्या एका माणसासाठी त्या एका ताटात वाढलेले असते. मेझेचा गाभा नेमका याच्या उलट आहे. एका मोठ्या बशीत तीन चटणीसारखे पदार्थ, चार फलाफेल आणि पिटाचे तुकडे रचून एका व्यक्तीपुढे ठेवले, तर त्याची चव उत्तम असू शकते. परंतु त्यातून वाटून खाणे आणि टप्प्याटप्प्याने खाणे या दोन्ही गोष्टी निघून गेलेल्या असतात. यादीवर ‘मेझे प्लॅटर’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ बहुधा हा संक्षेप आहे, एवढे ध्यानात घेऊन मागवावे.

तिसरी पायरी : कोणत्या देशात काय अपेक्षित आहे

तुर्कस्तानात मेझेचे घर म्हणजे ‘मेहाने’. ‘मेय’ म्हणजे मद्य आणि ‘हाने’ म्हणजे घर. कारखाना, दवाखाना यांतील ‘खाना’ तो हाच. येथे मेझे ‘राकी’ या बडीशेपेसारख्या वासाच्या अनिसयुक्त मद्याबरोबर येते. राकीत पाणी घालताच ती दुधासारखी पांढरी होते, कारण अनिसचे तेल मद्यात विरघळते पण पाण्यात विरघळत नाही. या पांढऱ्या रंगामुळे तिला ‘सिंहाचे दूध’ असे टोपणनाव आहे. बैठकीची सुरुवात बहुतेक वेळा पांढरे खारट चीज आणि खरबूज यांनी होते. त्यानंतर वाढपी एका मोठ्या तबकात थंड मेझेच्या बशा घेऊन येतो आणि आपण बोट दाखवून निवडायचे असते: घट्ट दही, लसूण व पुदिना यांचे ‘हायदारी’, टोमॅटो व मिरची बारीक चिरून केलेले ‘आजिली एझमे’, भाजलेल्या वांग्याचे सॅलड, बाकला या शेंगेच्या वाळवलेल्या दाण्यांची ‘फावा’, खारवलेला ‘लाकेर्दा’ मासा. ही निवड डोळ्यांनी करायची असल्यामुळे भाषा येत नसली तरी अडत नाही. थंड बशा अर्ध्याअधिक झाल्यावर ‘आरा सिजाक’ येतात. शब्दशः ‘मधले गरम’. त्यांत चीज भरलेले विडीच्या आकाराचे तळलेले ‘सिगारा बोरेक’ किंवा तळलेली कालामारी (माकूळ) असते. मासा शेवटी येतो आणि पोट भरले असेल तर तो न मागवणे मुळीच अशिष्ट मानले जात नाही.

लेबनॉन आणि सीरियात टेबल अधिक भरगच्च असते. हमस, भाजलेल्या वांग्याचे मुतब्बल, पार्सलीचे सॅलड तबूले, ब्रेडचे तुकडे घातलेले सॅलड फत्तूश, खारवलेल्या चक्क्यासारखे लबने, द्राक्षाच्या पानांचे रोल, अक्रोड व लाल मिरचीची ‘मुहम्मरा’ (ही अलेप्पोची खासियत), पालक भरलेले ‘फतायेर’ आणि चीज किंवा खिमा भरलेले ‘सम्बूसक’. हा सम्बूसक आपल्या समोशाचा सख्खा नातेवाईक आहे. दोघांची नावे एकाच फारसी शब्दापर्यंत जातात. पेय म्हणून येथे ‘अरक’ हे राकीसारखेच अनिसयुक्त मद्य असते. तिची सर्वमान्य रीत म्हणजे एक भाग अरक, दोन भाग पाणी आणि त्यानंतर बर्फ. बर्फ आधी टाकला तर अनिसचे तेल गोठून वर साय धरते. बेका खोऱ्यातील झाहले हे गाव बर्दौनी नदीकाठच्या उपाहारगृहांसाठी आणि तेथील मेझेसाठी प्रसिद्ध असून, २०१३ मध्ये युनेस्कोने त्याला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. मद्य असलेच पाहिजे असा मात्र नियम नाही. असंख्य मुस्लिम घरांत आणि आखाती देशांतील बहुसंख्य लेबनानी उपाहारगृहांत मेझे लिंबू-पुदिन्याच्या सरबताबरोबर तितक्याच निवांतपणे चालते.

ग्रीसमध्ये ऊझो या मद्याच्या दुकानाला ‘ऊझेरी’ आणि खास मेझेच्या जागेला ‘मेझेदोपोलिओ’ म्हणतात. व्होलोस या बंदराच्या गावी त्सिपुरो या मद्याची प्रत्येक नवी फेरी मागवली की, तिच्याबरोबर न मागता नवी बशी येते. काय येईल ते स्वयंपाकघर ठरवते. एकाच बशीत निवडक नमुने हवे असतील तर ग्रीक यादीवर ‘पिकिलिया’ हा शब्द शोधावा.

सायप्रसमध्ये या शब्दाचा अर्थ सर्वांत विस्तृत आहे आणि अनभिज्ञ पाहुण्याची सर्वांत मोठी फसगतही येथेच होते. तेथे ‘मेझे’ मागवले म्हणजे संपूर्ण जेवणच मागवले असे समजले जाते. ते किमान दोन व्यक्तींसाठी असते, ‘मांसाचे मेझे’ किंवा ‘माशांचे मेझे’ यांतून एक निवडायचे असते आणि पंधरापासून तीसपर्यंत बशा एकामागून एक येत राहतात. सुरुवातीला ऑलिव्ह, ताहिनी (तिळाचे पातळसर वाटण), काकडी-दह्याचे ‘तालातूरी’ आणि ब्रेड येतो. भुकेला माणूस यावरच पोट भरतो आणि भाजलेले हलुमी चीज, शेफ्तालिया (खिम्याचे सॉसेज) किंवा मंद आचेवरचे मांस येईपर्यंत त्याच्यात खाण्याची ताकद उरत नाही. तेथील लोक ‘सिगा सिगा’, म्हणजे सावकाश, असे सांगतात ते याचसाठी. हलुमी हे चीज सायप्रसचेच. २०२१ मध्ये युरोपीय संघाने त्या नावाला भौगोलिक संरक्षण दिले.

बाल्कन देशांत, विशेषतः बोस्निया व सर्बियात, मेझे म्हणजे मुख्यतः धुरावलेले मांस, चीज, लोणची आणि भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीचे ‘आयवार’. शिजवलेले पदार्थ तेथे कमी असतात.

चौथी पायरी : शेजारचे शब्द वेगळे ठेवावेत

स्पेनमधील ‘तापास’ हे दिसायला मेझेसारखे असले तरी त्यांची रीत वेगळी आहे. ‘तापा’ म्हणजे झाकण. तापास बारमध्ये, पुष्कळदा उभ्याने, एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये जात खाल्ले जातात, तर मेझेत माणसे एका टेबलाशी बसून राहतात. इटलीतील ‘आंतिपास्तो’चा पास्त्याशी संबंध नाही. ‘पास्तो’ म्हणजे जेवण आणि आंतिपास्तो म्हणजे जेवणाआधीचे. त्यामुळे ‘स्टार्टर’ हा अर्थ आंतिपास्तोला चपखल बसतो, मेझेला बसत नाही. अरबी यादीवर ‘मुकब्बिलात’ असा शब्द दिसला तर तो भूक वाढवणारे पदार्थ या अर्थाचा आहे आणि तो मेझेच्या जवळपास समानार्थी म्हणून वापरला जातो.

पाचवी पायरी : उपाहारगृहात मागवताना

काही वर्षांपूर्वी दुबईतील एका लेबनानी उपाहारगृहात आम्ही सहा जण बसलो होतो. यादीत ओळखीची नावे दिसल्याच्या उत्साहात आम्ही एकदमच चौदा बशा आणि वर भाजलेल्या मांसाचे मोठे ताट सांगून टाकले. दहा मिनिटांत टेबलावर पाण्याचा पेला ठेवायला जागा उरली नाही. हमस आणि लबने यांचे काहीच बिघडले नाही, पण सम्बूसक आणि फलाफेल आम्ही तेथपर्यंत पोचेतो गार व चिवट झाले, आणि शेवटी आलेले मांस जवळजवळ तसेच बांधून न्यावे लागले. त्या अनुभवातून मी एक साधा हिशेब धरला आहे आणि तो आजवर चुकलेला नाही. पहिल्या फेरीत माणसे असतील तितक्या थंड बशा आणि वर एक मागवावी. चार जणांसाठी पाच. त्या निम्म्या संपल्या की माणसांच्या निम्म्या संख्येइतक्या गरम बशा मागवाव्यात. मुख्य पदार्थाचा विचार त्यानंतरच करावा, आणि बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही. ‘आधी एवढेच आणा, बाकीचे नंतर सांगतो’ हे वाक्य स्पष्ट बोलावे. मेझे वाढणाऱ्या माणसाला ते ऐकण्याची सवय असते.

निवड करताना एकाच जातीच्या वस्तू टाळाव्यात. हमस, मुतब्बल, लबने आणि मुहम्मरा असे चार मऊ पदार्थ एकत्र मागवले, तर चौथ्या घासाला जीभ कंटाळते. दोन मऊ, एक पालेभाजीचे आंबट सॅलड, एक खारट वस्तू आणि एक तेलात मुरलेली भाजी असा तोल साधला की पहिली फेरी पुरी होते.

शाकाहारी वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण नावे फसवी आहेत. ग्रीक ‘तारामोसलाता’ गुलाबी आणि मऊ दिसते व नावात ‘सलाता’ असते, पण ती माशांच्या अंड्यांपासून करतात. ‘किब्बे नय्ये’ हे कच्चे मांस असते. हमसवर कधीकधी परतलेला खिमा घालून आणतात, म्हणून साधे हमस असे सांगून मागवावे. द्राक्षाच्या पानांच्या रोलमध्ये भात असतो, परंतु गरम वाढलेल्या रोलमध्ये बहुधा खिमाही असतो. तुर्की यादीवर ‘झेतिन्याली’ म्हणजे ‘ऑलिव्ह तेलातले’ असे लिहिलेले असेल, तर ते रोल थंड आणि बिनमांसाचे असतात. मांस नसल्यामुळे त्यांना ‘यालांजी’, म्हणजे लबाड, असेही म्हणतात. ‘फावा’ तुर्कस्तानात बाकल्याची असते आणि ग्रीसमध्ये पिवळ्या डाळीची. दोन्ही शाकाहारी आहेत.

सहावी पायरी : घरी मेझे मांडणे

सहा जणांच्या संध्याकाळसाठी आठ वस्तू पुरेशा आहेत आणि त्यांपैकी तीन विकत आणायच्या आहेत: ऑलिव्ह, व्हिनेगरमधील भाज्या आणि पिटा. घरी करायच्या पाच: हमस, लबने, भाजलेल्या वांग्याचे बाबा गनूश, तबूले आणि गरम म्हणून ‘बताता हर्रा’. पहिल्याच खेपेला फलाफेल, किब्बे, रोल यांच्या मागे लागू नये. यजमान स्वयंपाकघरात अडकला की मेझे संपले.

आदल्या रात्री दोन कामे करावीत. पाव किलो काबुली चणे भरपूर पाण्यात भिजत घालावेत, आणि एक लिटर ताज्या, आंबट नसलेल्या दह्यात पाऊण चमचा मीठ ढवळून ते पंचात बांधून टांगावे. लबने म्हणजे दुसरे काही नसून आपला खारवलेला चक्का आहे. श्रीखंडासाठी चक्का बांधणाऱ्या हाताला यात शिकण्यासारखे काही नाही. फक्त साखरेऐवजी मीठ आणि वेलचीऐवजी ऑलिव्ह तेल. उन्हाळ्यात पुरचुंडी ओट्यावर न टांगता चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये ठेवावी, नाही तर सकाळपर्यंत दही आंबते आणि ती आंबटी मिठाने झाकली जात नाही.

हमस या अरबी शब्दाचा अर्थ चणे एवढाच आहे. पदार्थाचे पूर्ण नाव ‘हमस बि ताहिना’, म्हणजे ताहिनी घातलेले चणे. यावरून दोन गोष्टी ठरतात. ताहिनीशिवाय हमस होत नाही, आणि राजमा किंवा बीटच्या वाटणाला हमस म्हणणे अर्थाला धरून नाही. ताहिनी घरी करायची तर सोललेले पांढरे तीळ मंद आचेवर गरम होईपर्यंतच भाजावेत. तिळाच्या चटणीसाठी भाजतो तसे ते तांबूस झाले की कडवटपणा येतो आणि हमस मातकट दिसते. तीळ पुष्कळ वेळ वाटून त्यांना स्वतःचे तेल सुटू द्यावे आणि गरज वाटल्यास दोन चमचे बिनवासाचे तेल घालावे.

भिजलेले चणे अर्धा चमचा खाण्याच्या सोड्यासह कुकरमध्ये, निम्म्याहून कमी भरून, नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ शिजवावेत. उसळीसाठी दाणा अखंड राहावा लागतो. येथे तो अंगठा आणि बोट यांच्यात धरताच पिठूळ व्हायला हवा. चणे कोमट असतानाच आधी नुसते वाटावेत, मग दीडशे ग्रॅम ताहिनी, दोन लिंबांचा रस, लसणाच्या दोन पाकळ्या आणि मीठ घालावे. यानंतर मिक्सर चालू ठेवून बर्फाचे पाणी एकेक चमचा सोडावे. ताहिनी प्रथम घट्ट होऊन फुटल्यासारखी दिसते. येथे घाबरून तेल ओतू नये. आणखी दोन-तीन चमचे पाणी गेले की मिश्रण एकदम पांढरट, हलके आणि चकचकीत होते. बशीत काढल्यावर चमच्याची पाठ मध्यभागी टेकवून बशी फिरवावी, म्हणजे कडेला उंच वळी आणि मध्ये खळगा तयार होतो. त्या खळग्यात ऑलिव्ह तेल आणि बाजूला ठेवलेले चार-पाच अख्खे चणे घालावेत. तेल वाटणात नाही, वर असते; घासाला ते ब्रेडबरोबर उचलले जाते.

बाबा गनूश करताना आपल्या भरताचा अनुभव उपयोगी पडतो आणि आडही येतो. वांगे थेट विस्तवावर, साल काळे होऊन ते पूर्ण खाली बसेपर्यंत भाजायचे, येथपर्यंत खानदेशी भरीत आणि बाबा गनूश एकाच वाटेने जातात. पुढे मात्र फोडणी नाही, कांदा नाही, हिरवी मिरची नाही. गर चाळणीत अर्धा तास निथळू द्यावा. ही पायरी वगळल्यास ताहिनी घातल्यावर पाणी सुटते आणि धुराचा वास पातळ होतो. निथळलेला गर सुरीने चिरावा, मिक्सरमध्ये घालू नये. ताहिनी, लिंबू, थोडा लसूण, मीठ, वर डाळिंबाचे दाणे. सीरियात ताहिनीच्या या प्रकाराला मुतब्बल म्हणतात आणि बाबा गनूश नावाचा पदार्थ ताहिनीविना, डाळिंबाच्या आंबट रसावर करतात. म्हणून नावावर वाद न घालता वाढणाऱ्याला विचारावे.

तबूले हे पार्सलीचे सॅलड आहे. त्यातील गहू नावापुरता असतो. तीन मोठ्या जुड्या पार्सलीला तीन चमचे बुलगूर पुरतो. आपल्याकडचा लापशी रवा बुलगूरच्या जागी तसाच भिजवून घालू नये. बुलगूर हा आधी उकडून, वाळवून भरडलेला गहू असतो, म्हणून तो नुसत्या भिजवण्याने मऊ होतो. आपला रवा कच्च्या गव्हाचा असल्यामुळे तो शिजवून, निथळून, गार करूनच वापरावा. पार्सली धुतल्यावर पूर्ण कोरडी करावी आणि धारदार सुरीने एकदाच चिरावी. पुन्हा पुन्हा चिरली की ती काळवंडते.

बताता हर्रा म्हणजे ‘तिखट बटाटा’. तळलेल्या किंवा खरपूस भाजलेल्या फोडी लसूण, कोथिंबीर आणि लाल मिरचीत परतल्या की झाले. हा एकच पदार्थ पाहुणे बसल्यानंतर करायचा आहे. हलुमी मिळत असेल तर त्याचे जाड काप कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करून याच वेळी आणावेत. हलुमीचा दही-गोळा गरम निवळीत शिजवलेला असल्यामुळे ते तव्यावर वितळत नाही. ते न मिळाल्यास पनीर काही तास मिठाच्या पाण्यात ठेवून वापरता येते. ते हलुमी होत नाही, पण टेबलावर त्या जागी एक गरम, खारट वस्तू हवी असते आणि ती गरज पनीर भागवते.

मांडणीसाठी एकसारख्या बशा असण्याची गरज नाही, परंतु त्या लहान आणि उथळ असाव्यात. प्रत्येक पदार्थ दोन बशांत विभागून टेबलाच्या दोन टोकांना ठेवल्यास कोणाला हात लांबवावा लागत नाही. उष्ण दिवसांत निम्मे हमस व लबने फ्रिजमध्ये ठेवून अर्ध्या वेळेला बदलावे. ताहिनी, दही यांचे पदार्थ दोन तासांपेक्षा अधिक बाहेर ठेवणे योग्य नाही. पिटा तव्यावर गरम करून फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि थोडेथोडेच बाहेर काढावेत.

सातवी पायरी : खाण्याची रीत आणि बोलायचे शब्द

सामाईक बशीत सर्वांनी ब्रेड बुडवायचा, या कल्पनेने मराठी घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात उष्ट्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्त आहे. लेबनॉनमध्येही त्याचे उत्तर ठरलेले आहे. ब्रेडचा लहान तुकडा तोडायचा, तो चमच्यासारखा दुमडायचा, बशीच्या आपल्या बाजूच्या कडेने एकदाच उचलायचा आणि तो तुकडा पूर्ण खाऊन टाकायचा. चावलेला तुकडा पुन्हा बशीत जात नाही. एवढ्यानेही कोणाला अवघडल्यासारखे वाटत असेल तर प्रत्येक बशीत एक चमचा आणि प्रत्येकापुढे एक छोटी ताटली ठेवावी. तुर्की मेहानेमध्ये हीच पद्धत आहे, त्यामुळे त्यात रीत मोडल्यासारखे काही नाही.

शेवटचा घास बशीत राहिला असेल तर तो स्वतः उचलण्याआधी शेजाऱ्याला विचारावा. लेबनानी यजमान ‘सहतैन’ म्हणेल. शब्दशः ‘दोन आरोग्ये’, म्हणजे तुम्हाला दुप्पट आरोग्य लाभो. त्याला उत्तर पुरुषाला ‘अला अल्बक’ व स्त्रीला ‘अला अल्बिक’ असे द्यायचे असते. तुर्कीत ‘आफियेत ओल्सुन’ आणि ग्रीकमध्ये ‘काली ओरेक्सी’ म्हणतात.

गोड पदार्थाची घाई करू नये. कापलेली फळे आणि नंतर कॉफी एवढे पुरते. उरलेल्या वस्तूंपैकी तबूले दुसऱ्या दिवशी खाण्यासारखे राहत नाही, ते त्याच रात्री संपवावे. बशीत आलेले हमस व बाबा गनूशही त्याच रात्री संपवावे, मात्र टेबलावर न आलेले दोन्ही पदार्थ झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. लबने मुद्दाम जास्त करावे. ते आणखी एक दिवस बांधून ठेवले की त्याचे लिंबाएवढे गोळे वळता येतात. ते काचेच्या कोरड्या बरणीत, पूर्ण बुडतील इतक्या ऑलिव्ह तेलात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत. थंडीने तेल गोठून पांढरे दिसते, म्हणून पुढच्या वेळी पाहुणे यायच्या अर्धा तास आधी बरणी बाहेर काढून ठेवावी.